वेगळे सर

नांदेड-लातूरकडे 'सर' व्हायला बी.एड. लागत नाही. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा सर, त्याच क्लासच्या खिडकीत बसून फी घेणारा सर आणि बाहेर टपरीवर ओएमआर शीटची झेरॉक्स विकणाराही सर. लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला डॉक्टर पुरवले असं म्हणतात; आम्हाला त्याने सर पुरवले. तेव्हा सॉफ्टवेअर तयार करून विकणारा माणूस सर होणार, यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काही नाही. 'वेगळे' हे मात्र त्यांनी कष्टाने मिळवलेलं आडनाव आहे. कुठलीही तयार गोष्ट समोर आली की त्यांचं वाक्य ठरलेलं : "आपलं थोडं वेगळं राहतं." हे इतक्या वेळा म्हणून झालं की खरं आडनाव मागेच पडलं. लातूरच्या एका आडत्याने तर 'श्री. वेगळे' या नावाने चेक फाडला. बँकेने तो परत केला. सरांना राग आला नाही. चेकवरची रकमेची चौकट जरा डावीकडे घेतली असती तर किती बरं दिसलं असतं, हे ते मला परतीच्या वाटेवर लोह्यापर्यंत समजावत होते.

माणूस तसा साधा. शर्ट तयार, पँट तयार, लग्न नात्यातल्यांनी ठरवलेलं. घर नांदेडात, तरोडा नाक्याकडच्या एका रांगेतल्या रो-हाउसांपैकी, ती घरं इतकी सारखी की एका रात्री सर शेजाऱ्याच्या कुलपाशी किल्ली घेऊन झटत होते आणि आतून शेजारी "कोण हाय?" म्हणून ओरडत होता. हॉटेलात 'स्पेशल काय' असं विचारत नाहीत, 'थाळी' म्हणतात आणि मोबाइलमध्ये अंगठा घालतात. आयुष्यात सगळं जसं समोर आलं तसं घेतलेला हा माणूस स्क्रीनवरच्या बटणापाशी आला की मात्र अडून बसतो. ते आधी कुणी केलेलं चालणार नाही. चौकट आपली, सावली आपली, कोपऱ्याची गोलाई आपली.

माझं वजिराबादला डीटीपीचं दुकान. सरांच्या स्क्रीनवरची मराठी मी बघतो. 'पेंडिंग'ला काय म्हणायचं, 'अमाउंट ड्यू' कसं लिहायचं आणि लिहिलेलं बटणात मावतं का. या कामाचे पैसे उशिरा मिळतात, चहा वेळेवर मिळतो. म्हणून सरांचं ऑफिस मला चांगलंच परिचयाचं आहे. श्रीनगरच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. एका खोलीत सर. दुसरीत विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगमधून बाहेर पडलेली एक मुलगी, जिला सर 'बेटा' म्हणतात आणि गिऱ्हाइकं 'मॅडम'. ऑफिसातलं बहुतेक काम मॅडम करतात. जे उरतं ते म्हणजे वेगळेपणा, आणि तो सर करतात.

दोघांचं भांडण जुनं आहे आणि बूटस्ट्रॅपवरून आहे. ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन या दोघांनी आपल्या कंपनीतल्या कामासाठी बटणं, रकाने, तक्ते, मेनू असा सगळा सरंजाम एकदाच नीट करून ठेवला आणि ऑगस्ट २०११ मध्ये तो जगाला फुकट वाटला. पान बारा उभ्या पट्ट्यांत विभागायचं, हवं ते उचलून मांडायचं, संध्याकाळपर्यंत काम उभं. तीन वर्षांनी गुगलने 'मटेरियल' आणलं. मग जिकडे पाहावं तिकडे तेच निळं बटण आणि तीच काळी पट्टी. फी भरा, तिकीट काढा, तक्रार करा, चेहरा एकच.

"सॅन फ्रान्सिस्कोत बसलेल्या पोराला सोयाबीनच्या हिशेबाची पट्टी म्हणजे काय ते माहीत आहे का बेटा?" सर विचारतात.

"पट्टी माहीत नाही सर, पण बटण माहीत आहे," मॅडम म्हणतात.

मॅडमच्या भात्यात बाण पुष्कळ. ब्रिटनच्या सरकारने २०१८ मध्ये आपल्या सगळ्या खात्यांसाठी एकच तयार संच खुला केला, मग खातं करांचं असो की पासपोर्टचं. आपल्याकडेही डिजिटल इंडियाखाली 'यूएक्सफोरजी' नावाने तसाच साचा मिळतो. याकोब नील्सन नावाचा डॅनिश गृहस्थ केव्हापासून सांगतो आहे, की लोकांचा बराचसा वेळ दुसऱ्यांच्या साइटवर जातो, म्हणून तुमची साइटही त्यांना तशीच चाललेली हवी असते. सर हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. "सरकारचं सारखंच राहावं," ते म्हणतात. "नाहीतर लोक म्हणतील, त्या खात्याला चांगलं बटण दिलं आणि आम्हाला हे."

सरांचा स्वतःचा हुकमाचा एक्का एकच, पण तो खरा आहे. अलीबाबाच्या गोतावळ्यातल्या अँट कंपनीने 'अँट डिझाइन' नावाचा असाच तयार संच काढला आहे. जगभरच्या कंपन्या त्यावर विसंबून. २५ डिसेंबर २०१८ ला लोकांनी कामाला सुरुवात केली तर बटणांवर बर्फ साचलेला! माउस नेला की 'हो हो हो!' असं उमटायचं. संच करणाऱ्यांपैकीच कुणीतरी काही महिने आधी ही नाताळची गंमत आत दडवून ठेवली होती आणि वापरणाऱ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. पुढे माफी मागितली, दुरुस्तीही केली. पण त्या एका दिवसात कितीतरी इंजिनिअरांना आपापल्या साहेबांना सांगावं लागलं, की बर्फ आम्ही टाकलेला नाही.

ही गोष्ट सर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. "विचार करा मालक. मार्केट यार्ड, डिसेंबरचा महिना, सोयाबीनचे ढीग लागलेत, मुनीम पट्टी काढायला बसलाय, आणि बटणावर काय? बर्फ!"

गिऱ्हाईक हादरतं. एकदा मॅडमनी तेवढ्यात तोंड घातलं. "सर, दोन हजार सोळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बटणावर का होईना, बर्फ पडला असता तर लोक बघायला आले असते." मालक पोट धरून हसले. सर हसले नाहीत. त्यांना हरकतीला उत्तर द्यायचं होतं आणि ही हरकत आहे की नाही हेच त्यांना ठरवता येईना.

सरांचं काम सुरू होतं ते प्रश्नावलीने. चार पानी, रंगीत. 'आपल्या व्यवसायाचा स्वभाव कसा आहे?' हा पहिला प्रश्न. लातूरच्या त्या आडत्याने लिहिलं, 'उधारी वसूल करायचा'. 'आपल्या स्क्रीनकडे पाहून ग्राहकाच्या मनात कोणती भावना यावी?' त्यावर उत्तर होतं, 'माप बरोबर हाय'. सर ही कागदं पुठ्ठ्यात घालून जपतात आणि पुढे त्यांच्याकडे बघत नाहीत. मला विचाराल तर त्या पुठ्ठ्यातली दुसऱ्या प्रश्नाची तीन शब्दांची ओळ नांदेडातल्या सगळ्या डिझाइनवाल्यांनी भिंतीवर लावावी. पण मला कुणी विचारत नाही, मी शुद्धलेखनाचा माणूस.

मग रंग. गुगलने एकदा दोन निळ्यांपैकी कोणता घ्यावा यासाठी मधल्या एक्केचाळीस छटा तपासल्या आणि डग्लस बोमन हा त्यांचा डिझायनर असल्याच प्रकारांना कंटाळून २००९ मध्ये नोकरी सोडून गेला. बाकी जगाने या गोष्टीतून बोमन उचलला. सरांनी एक्केचाळीस उचलले. आडतीच्या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी हिरव्या छटांची अख्खी माळ तयार केली, त्यातल्या एकीला 'सोयाबीन हिरवा' असं नाव दिलं आणि लॅपटॉप घेऊन लातूर गाठलं. मीही सोबत होतो. माळेगावच्या जत्रेचे दिवस. खंडोबाला निघालेल्या गाड्या, टेम्पोत उभी असलेली घोडी आणि मधे आमची एसटी. सर खिडकीतून घोड्यांच्या झुलींचे रंग टिपून घेत होते.

आडतीतले मुनीमजी साठीचे. कानाला पेन, पेनला टोपण नाही. त्यांनी दोन छटा चष्मा वर करून पाहिल्या, चष्मा खाली करून पाहिल्या.

"दोन्ही हिरवेच हायत की."

"हा सोयाबीन हिरवा आहे," सर म्हणाले.

"सोयाबीन यार्डात येतंय तवा पिवळं राहतंय, सर. हिरवा दाना आला तर भाव पाडतेत."

सरांनी रंग निळा ठेवला. बूटस्ट्रॅपच्या निळ्यापासून तो दोन अंश वेगळा आहे. तसं शपथपत्र करून द्यायलाही ते तयार आहेत.

पण सरांच्या प्रतिभेची खरी झेप म्हणजे गोलाई. ज्यांनी लातूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गंजगोलाई म्हणजे निजामाच्या राज्यात, १९१७ साली, नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली गोलाकार दुमजली बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवताली फुटणारे सोळा रस्ते; कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. सरांनी रसवंतीच्या बाकावर बसून ती गोलाई पाहिली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. "लातूरच्या माणसाला डावीकडचा मेनू कशाला?" ते म्हणाले. "त्याला गोल द्यायचा!"

महिनाभर ऑफिसात गोलाई चालली. स्क्रीनच्या मधोमध दुकानाचं नाव, भोवती सोळा पाकळ्या, एकेका पाकळीत एकेक काम. अडचण एवढीच, की आडतीत कामं नऊच निघाली. आवक, सौदा, पट्टी, उधारी, हमाली, तोलाई, बारदाना, खरेदीदारांचं खातं, रोजमेळ. संपलं. मॅडम म्हणाल्या, नऊ पाकळ्या करू. सर म्हणाले, गोलाईला रस्ते सोळा आहेत. इतिहासाशी खेळू नये. मग सात कामं जन्माला घातली गेली. 'हवामान', 'आजचा सुविचार', 'आजचे वाढदिवस', 'आमच्याविषयी', 'छायाचित्रे', 'अभिप्राय', आणि एक पाकळी 'लवकरच येत आहे'. ती अजून यायची आहे.

मालक बेहद्द खुश. येईल त्या पाहुण्याला चहाआधी गोलाई. मेहुणे आले, व्याही आले, खताचा एजंट आला, सगळ्यांना मालक माउस फिरवून पाकळ्या फुलवून दाखवायचे. काम करायचं होतं मुनीमजींना. गोलाच्या खालच्या अंगाला अक्षरं उलटी पडत होती. मुनीमजी मान खांद्यावर टाकून 'उधारी' वाचत होते. शेवटी त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, पट्टी कोन्या रस्त्याला हाय?"

"मुनीमजी, आग्नेयेला. सवय होईल हळूहळू."

"गोलाईत मानूस हिंडायला येतंय, सर. इथं शेतकरी उन्हात उभा हाय."

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गोलाईत नवखा माणूस चुकतो, हे खरं आहे." हा त्यांच्या परीने पराभवाचा कबुलीजबाब होता. गोलाई काढली नाही. ती मालकांच्या मोबाइलवर हलवली. तिथे ती अजून आहे आणि पाहुण्यांसाठी फुलते.

एका बाबतीत मात्र मी सरांच्या बाजूचा आहे आणि मॅडमनाही तसं सांगून ठेवलं आहे. तयार साचा होतो इंग्रजीच्या मापाने. इंग्रजी अक्षर रेषेवर बसतं, फार तर शेपूट थोडं खाली सोडतं. आपल्या अक्षराला वर रफार, त्यावर वेलांटी, खाली उकार. तयार बटणात 'पूर्ती' लिहा, रफार छाटला जातो आणि नुसतं डोकं नसलेलं काहीतरी उरतं. मटेरियलच्या बटणात अक्षरं जराशी सुटी मांडायची रीत होती. इंग्रजीला ते शोभतं, मराठीत शिरोरेखा तुटून 'हि शे ब' असे तीन तुकडे उभे राहतात. पानाची भाषा मराठी आहे असं आतून सांगितलं नाही तर कित्येक फाँट 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचे काढतात. आकड्यांचं तर विचारू नका. एका तयार तक्त्याने १२,३४,५६७ रुपये १,२३४,५६७ असे छापले, तेव्हा मुनीमजींनी कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "हे स्वल्पविराम कुनी सांडले?"

हे सगळं दुरुस्त करायला किती लागतं? ओळीची उंची वाढवा, अक्षरांमधली फट काढा, भाषा मराठी लिहा, आकडे भारतीय रीतीने मांडायला सांगा. मॅडमनी ते दुपारच्या जेवणाआधी केलं. सरांना ते पटलं नाही. इतका मोठा अन्याय चार ओळींत कसा दूर होईल? "आपण आपला फाँट काढू," ते म्हणाले. मी हातातला चहा खाली ठेवला. पंचवीस वर्षं मी फाँट नावाच्या प्राण्याबरोबर काढली आहेत. कृतीदेव, श्रीलिपी, सगळ्यांची दुखणी मला माहीत आहेत. मी सरांना जोडाक्षरं मोजायला बसवलं. 'द्ध'पाशी ते थांबले, 'ऱ्ह'पाशी त्यांनी घाम पुसला. मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांनी काढलेला 'मुक्ता' फुकट मिळतो आणि छान आहे, हे ऐकून ते घेईनात; शेवटी घेतला, "पण पाचचा आकडा आपण जरा वेगळा करू" या अटीवर. पाचचा आकडा मी वेगळा होऊ दिला नाही. आडतीत पाचचा आकडा वेगळा दिसून चालत नाही.

आता एंटरची गोष्ट. ती सर स्वतः कधी सांगत नाहीत, म्हणून मला सांगावी लागते.

आडतीत पूर्वी फॉक्सप्रोचा काळा स्क्रीन होता. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये काढली, २०१५ च्या जानेवारीत तिची देखभालही थांबवली. मुनीमजींना यातलं काहीच कुणी कळवलं नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. मोसमात ते स्क्रीनकडे बघत नसत. कान सौद्याकडे, डोळे मापाड्याच्या चिठ्ठीकडे, डावा हात चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर, उजवा हात कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या आकड्यांवर. आकडा, एंटर, आकडा, एंटर. टॅलीतही तेच चालतं, म्हणून आपल्याकडच्या हिशेबनीसांचं बोट एंटरवरच वाढलेलं असतं.

नवं सॉफ्टवेअर ब्राउझरवर चालणारं. त्यात एंटर दाबला की फॉर्म संपला असं समजून तो सरळ जमा होतो. पुढच्या रकान्यात जायला टॅब. टॅब कुठे, तर डाव्या हाताला. आणि डाव्या हातात चिठ्ठ्या. सरांनी बटण स्वतःचं केलं होतं, सावली स्वतःची केली होती, कोपरे स्वतःचे केले होते. एंटर तेवढा जसा आला तसा राहिला होता. पहिल्याच सकाळी मुनीमजींनी शेतकऱ्याचं नाव लिहिलं, एंटर दाबला आणि शून्य कट्टे, शून्य क्विंटल, शून्य रुपये अशी पट्टी सुबक छापून बाहेर आली. मग दुसरी आली. मग तिसरी. चाकूरकडचा एक शेतकरी ती हातात धरून विचारत होता, "मालक, ह्यातून हमाली कापून मलाच द्यायचं राहिलंय का?"

सर त्या रात्रीच्याच गाडीने लातूरला गेले. दोन दिवस ते मुनीमजींच्या गादीशेजारी पोत्यावर बसून होते. बोलले नाहीत, प्रश्नावली काढली नाही, नुसता उजवा हात बघत राहिले. तिसऱ्या दिवशी परत येऊन त्यांनी जे केलं ते असं. एंटर दाबला की पुढचा रकाना. हमाली-तोलाई आपोआप लागते, तिथे थांबायचंच नाही. शेवटच्या एंटरला फक्त एक प्रश्न, 'बरोबर?', पुन्हा एंटर, की छापलं. आणि एक बारकी गोष्ट, जी मुनीमजींनी कधी मागितली नव्हती आणि जी आम्ही पाहिलेल्या कुठल्याही तयार संचात नाही : गावाच्या रकान्यात आधीच्या पट्टीचं गाव तसंच राहतं. कारण एका गावचे चार-पाच शेतकरी मिळून एक टेम्पो करतात आणि त्यांचा माल लागोपाठ मापाला येतो. गाव एकदाच लिहायचं. हे सरांनी पोत्यावर बसून पाहिलं.

हे करताना वेळ नव्हता, म्हणून बटणं ब्राउझरची जशी होती तशीच राहिली. करडी. चौकोनी. कुणीच काही म्हणालं नाही. मुनीमजी एवढंच म्हणाले, "आता बसलं बगा."

बिल मी टाइप केलं, म्हणून मला पाठ आहे. 'गोलाई मेनू संकल्पना व मांडणी' अशी मोठी रक्कम, 'रंगसंगती' अशी मधली रक्कम, 'विशेष बटण निर्मिती' अशी रक्कम. सगळ्यात शेवटी, 'एंटर बाबत किरकोळ दुरुस्ती – निःशुल्क'. मी म्हटलं, सर, उलटं लिहा. एंटरचे पैसे लावा आणि गोलाई निःशुल्क करा. सर माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहत राहिले. "एंटरला काय डिझाइन म्हणतात का?" ते म्हणाले. "ते दिसतं का कुठे?"

मोसम संपायच्या आत शेजारच्या गाळ्याचे मालक आले. "त्यांच्यात हाय तसंच द्या."

"तुमचं आपण थोडं वेगळं करू," सर खुलले. प्रश्नावली निघाली.

"कामून? माजा मुनीम त्यांच्याकडंच शिकलेला हाय. तसंच पाहिजे. काईच बदलू नका."

मग समोरच्या गाळ्याचे आले. मग उदगीरचे एक, अहमदपूरचे एक. मुनीम या गादीवरून त्या गादीवर जातात आणि एंटरवरचं बोट सोबत घेऊन जातात. नील्सन साहेबांना हे लातूरच्या यार्डात एका दिवसात दिसलं असतं. मॅडमनी त्या सॉफ्टवेअरची नीट घडी घातली, 'आडत' असं नाव देऊन पेन ड्राइव्हवर ठेवली आणि सांगितलं, "सर, आता कुणीही आलं तरी अर्ध्या तासात बसवून देता येईल." मी अभिनंदन करायला गेलो तर सर खुर्चीत खचून बसले होते. जन्मभर ज्याच्याशी वैर केलं ते तयार सॉफ्टवेअर त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच नावावर जन्माला आलं होतं, आणि खपत होतं.

काही दिवस ते गप्प होते. मग एक वही दिसायला लागली. मला वाटलं, वसुलीची असेल. एकदा ते खाली झेरॉक्सला गेले असताना मी उघडली. एका बाजूला गाळ्याचं नाव, दुसऱ्या बाजूला आकडा. चार, सहा, तीन, आठ. मॅडमनी खुलासा केला : कोपरे. सर रात्री उशिरा थांबून प्रत्येक दुकानाच्या बटणाचे कोपरे थोडे कमी-जास्त गोल करून पाठवत होते. पैसे लावत नव्हते, कुणाला सांगतही नव्हते. "त्यामुळे त्यांना झोप लागते," मॅडम म्हणाल्या. "मी काही बोलत नाही. एंटरला हात लावत नाहीत तोवर चालू द्या."

परवा सरांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं मुलीचा नीटचा निकाल लागला.

"समोरच्या गाळ्याच्या मालकाचा फोन होता! म्हणे, 'सर, शेजाऱ्याचं बटण जास्ती गोल हाय. आम्ही काय कमी पैशे दिलो का?' ओळखलं त्यांनी! दोन पिक्सेलचा फरक, उघड्या डोळ्यांनी ओळखला!"

"मग? त्यांचं वाढवून दिलं का?"

"छे. शेजाऱ्याचं कमी केलं," सर म्हणाले. "थांब हां, दुसरा फोन यायलाय. शेजाऱ्याचाच आहे."